सिकलसेलच्या रिपोर्टवर ‘एएस’ लिहिलंय? आधी हे शब्द समजून घ्या

नागपूर : शाळेत किंवा उपकेंद्रात बोटातून रक्त घेतलं जातं आणि काही दिवसांनी रिपोर्ट हातात येतो. ‘पॉझिटिव्ह’ वाचून घरचे घाबरतात, तर ‘एएस’ असेल तर काही जण कागद पेटीत टाकून विसरून जातात. दोन्ही चुकीचं. नागपूरसह भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली भागात सिकलसेल आढळतो, त्यामुळे रिपोर्टवरचे शब्द माहीत असायलाच हवेत.

सिकलसेल : रक्तातल्या लाल पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आजार आई-वडिलांकडून येतो. शिवल्याने, उष्ट्याने पसरत नाही. तो फक्त आदिवासींमध्येच असतो, हाही गैरसमज आहे.

सोल्युबिलिटी टेस्ट : बोटातल्या रक्ताची पहिली चाचणी. ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे रक्तात सिकलचा अंश आहे, एवढंच. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे यातून कळत नाही.

इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी : पक्कं निदान करणारी पुढची चाचणी. पॉझिटिव्ह आल्यावर ही करावीच लागते.

एए : सिकलसेल नाही.

एएस (वाहक) : एक दोष आई किंवा वडिलांकडून आलेला. सहसा त्रास होत नाही, औषध लागत नाही. शेतीकाम, शिक्षण, नोकरी सगळं करता येतं.

एसएस (रुग्ण) : दोष दोघांकडूनही आलेला. हातपाय दुखणे, वारंवार ताप, रक्त कमी होणे, डोळे पिवळे दिसणे असा त्रास होतो. नियमित उपचार लागतात.

क्रायसिस : अचानक उठणारी तीव्र वेदना. पाणी कमी पिणे, थंडी, ताप, अतिश्रम यामुळे ती उठते. उन्हाळ्यात रुग्णाने दिवसभर पाणी पीत राहावं. ताप, छातीत दुखणे, दम लागणे किंवा अचानक हातपाय लुळे पडणे दिसलं तर घरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

हायड्रॉक्सियुरिया : क्रायसिस कमी करणारी गोळी. ती घेताना अधूनमधून रक्ततपासणी करावी लागते. बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नये. मूल होऊ द्यायचं असेल तर आधी डॉक्टरांना सांगावं.

लग्नाआधी काय पाहायचं?

मुलगा आणि मुलगी दोघंही एएस असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के, एएस असण्याची ५० टक्के आणि एए असण्याची २५ टक्के असते. ‘पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन चांगली होतील’ असा हिशेब नसतो. दर वेळी शक्यता तेवढीच. एक जण एएस आणि दुसरा एए असेल, तर एसएस बाळ होत नाही.

दोघं वाहक असून लग्न झालं असेल, तर गरोदरपण कळताच डॉक्टरांना सांगा. सुरुवातीच्या महिन्यांतच पोटातल्या बाळाची तपासणी करता येते.

सिकलसेल हद्दपार करण्यासाठी १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्याचं उद्दिष्ट २०४७ सालाचं आहे. घरातला रिपोर्ट मात्र आजच शोधा, त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा आणि सोयरीक जुळवताना तो लपवू नका.

तपासणी झाली नसेल, तर आशाताईंना किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा.