उत्सर्ग, अपवाद आणि मुतखडा

सामान्य नियमास वैयाकरण 'उत्सर्ग' म्हणतात आणि त्यास बाध आणणाऱ्या विशेष नियमास 'अपवाद'. अपवाद उत्सर्गाहून बलवान मानला आहे. तथापि तो नियमभंग नव्हे. त्याचे क्षेत्र व कारण सांगितलेले असते, आणि त्या क्षेत्राबाहेर उत्सर्ग अबाधित राहतो. वैद्यकात सर्वांसाठी घालून दिलेला उपचारक्रम आणि समोरचा एकटा रुग्ण यांचा संबंध याच स्वरूपाचा आहे. मुतखड्याच्या चिकित्सेचा इतिहास त्याची साक्ष देतो.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे वैद्य गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये आयुर्वेद महाविद्यालय स्थापिले. ज्या ग्रंथपरंपरेवर अशा विद्यालयांचे अध्यापन उभे आहे, तीत सुश्रुतसंहितेतील अश्मरीचिकित्सा प्रसिद्ध आहे. प्रथम औषधी घृते, क्षार इत्यादींचा उपाय करावा, तो निष्फळ झाल्यास शस्त्रकर्म करावे, हा तेथील उत्सर्ग. छेद कोठे व सेवनीपासून किती अंतरावर घ्यावा हेही सांगितले आहे. परंतु स्त्रियांच्या ठायी गर्भाशय बस्तीच्या निकट असल्यामुळे शस्त्र निराळ्या रीतीने चालवावे, असा सकारण अपवाद लगेच येतो. शिवाय, शस्त्र न केल्यास मृत्यू निश्चित आणि केल्यास यश संशयित, म्हणून राजाची अनुज्ञा घेऊनच वैद्याने हात घालावा, असेही बजावले आहे. अनिश्चितता लपवू नये, हा बोध त्यात आहे.

दुसरे उदाहरण इंदूरचे. जामखेड तालुक्यातील चौंडी येथे जन्मलेल्या अहिल्याबाईंच्या होळकर घराण्याची ही राजधानी. बोस्टनचे शल्यवैद्य बिगेलो यांनी १८७८ मध्ये मूत्राशयातील खडा आतच चुरून त्याचा चुरा एकाच बैठकीत धुऊन काढण्याची रीत प्रसिद्ध केली. मुलांचा मूत्रमार्ग अरुंद व नाजूक, सबब ही रीत त्यांच्यासाठी नव्हे, त्यांच्यावर छेदनच करावे, असे तेव्हा सामान्यतः मानीत. इंदूरचे रेसिडेन्सी सर्जन कीगन यांच्यापुढे मुतखड्याची मुले वारंवार येत. लहान मापाची उपकरणे वापरून त्यांनी १८८० नंतरच्या दशकात मुलांवरही ही क्रिया केली आणि आपले अनुभव छापून प्रसिद्ध केले. वय हे केवळ अनुमानाचे गमक होते. मूत्रमार्गाची रुंदी व खड्याचा आकार ही प्रत्यक्ष गमके ठरली. नोंद ठेवल्यामुळे एका वैद्याचा अपवाद इतरांना पडताळता आला.

आजच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूत्रवाहिनीतील दहा मिलिमीटरपर्यंतचा खडा, वेदना आवाक्यात असल्यास, जंतुसंसर्ग नसल्यास व मूत्रपिंडाचे कार्य ठीक असल्यास, आपोआप पडण्याची चार ते सहा आठवडे वाट पाहता येते. मात्र मधूनमधून तपासणी हवी. नियम उत्तम आहे. परंतु पाथर्डी किंवा जामखेडचा ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर निघतो, तो हंगाम संपेपर्यंत परतत नाही. उन्हात राबताना त्यास पुरेसे पाणी मिळत नाही, आणि पुनर्तपासणीसाठी एक दिवस मोडणे म्हणजे मजुरी बुडविणे होय. वाट पाहण्याची अटच जेथे पाळली जाणे अशक्य, तेथे खडा आधीच काढणे किंवा फडाजवळच्या दवाखान्यात तपासणीची तजवीज करणे, यांचा विचार रुग्णाशी बोलूनच झाला पाहिजे. याउलट, अडलेल्या मूत्रात जंतुसंसर्ग झाला असता त्याचा निचरा तातडीने करावा, या नियमास हंगामाची सबब चालत नाही.

सारांश, नियम सोडावयाचा तर कोणत्या कारणाने, हे रुग्णाच्या कागदावर लिहिले गेले पाहिजे. कारण लिहिलेले असेल तर तो अपवाद. नसेल तर तो केवळ स्वेच्छाचार, आणि त्याची किंमत रुग्णास द्यावी लागते.