स्पर्शाने वाचणारे वाचक

शताब्दीच्या निमित्ताने आपण ग्रंथालयाची ग्रंथसंख्या, सभासदसंख्या आणि आश्रयदात्यांची नावे साभिमान सांगतो. तथापि ग्रंथ कपाटात असूनही ज्यांना तो वाचता येत नाही, त्या दृष्टिहीन वाचकांची कथा हाही ग्रंथालयांच्या इतिहासाचाच एक भाग होय.

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिस येथे व्हॅलेन्तिन आउई यांनी अंधांसाठी शाळा काढली आणि उठावाच्या रोमन अक्षरांत पुस्तके छापली. ती चाचपून वाचता येत, परंतु वाचन फार संथ होई आणि विद्यार्थ्याला स्वतः लिहिणे जवळजवळ अशक्यच असे. वडिलांच्या कारखान्यात हत्यार लागून तिसऱ्या वर्षी जखमी झालेले व त्यातून दृष्टी गमावलेले लुई ब्रेल (१८०९-१८५२) याच शाळेत शिकले. शार्ल बार्बिए या लष्करी अधिकाऱ्याची बारा ठिपक्यांची पद्धत त्यांनी सहा ठिपक्यांवर आणली. त्यामुळे पूर्ण अक्षर बोटाच्या टोकाखाली मावू लागले. १८२९ मध्ये ही लिपी प्रसिद्ध झाली. फ्रान्सने तिला अधिकृत मान्यता दिली ती १८५४ मध्ये, म्हणजे ब्रेल यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी!

भारतात १८८७ मध्ये अमृतसर येथे अंधशाळा निघाली. पुढे निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या ब्रेल पद्धती रूढ झाल्या आणि एका पद्धतीत शिकलेल्याला दुसरीतील पुस्तक निरुपयोगी ठरू लागले. अखेर १९४९ मध्ये भारत सरकारने युनेस्कोकडे हा प्रश्न नेला. पॅरिस व बैरुत येथील विचारविनिमयानंतर १९५१ मध्ये 'भारती ब्रेल' स्वीकारली गेली. भारतीय भाषांतील समान ध्वनीला समान चिन्ह आणि ते शक्यतो जगातील रूढ ब्रेलशी जुळणारे, हे तिचे सूत्र. मराठी 'क' आणि इंग्रजी 'के' यांचे ठिपके म्हणूनच एक आहेत. मराठीचा 'ळ'ही तिच्यात आहे. छापील 'कि'मध्ये आधी येणारी वेलांटी येथे उच्चाराप्रमाणे 'क'नंतर येते.

लिपी मिळाली, तरी पुस्तके मिळाली नाहीत. ब्रेलमध्ये एका छापील ग्रंथाचे अनेक जाड खंड होतात. शिवाय प्रत काढण्यास प्रताधिकाराचा अडसर होता. २०१२ च्या दुरुस्तीने भारतीय कायद्यात तो दूर झाला. २०१३ मध्ये संमत झालेल्या माराकेश कराराला सर्वप्रथम अनुसमर्थन देणारा देश भारतच होता (२०१४). आता संगणकाच्या पडद्यावरील मजकूर यंत्र वाचून दाखविते. मात्र ग्रंथाच्या पानांचे नुसते छायाचित्र त्याला वाचता येत नाही, त्यासाठी मजकूर अक्षररूपातच उतरवावा लागतो.

आपली दुर्मिळ पुस्तके संगणकावर घेताना हे ध्यानी ठेवावयास हवे. ब्रेल यांच्या लिपीला मान्यतेसाठी पंचवीस वर्षे थांबावे लागले. आपल्या वाचकांना तितके थांबविण्याचे आता काही कारण उरलेले नाही.