हिशेबाची वही कोणाच्या हाती? शाळेतील व्यवसायशिक्षणाचा दीडशे वर्षांचा मागोवा

१/ पुण्याहून नसरापूरमार्गे वेल्ह्याला, म्हणजे आजच्या राजगड तालुक्यात, निघालात की वाटेत विंझर लागते. इतिहासप्रेमींना हा रस्ता राजगड आणि तोरण्यासाठी ठाऊक असतो. आज मात्र गड चढायचा नाही. अशा खोऱ्यातल्या शाळकरी मुलांना हिशेब, व्यापार आणि उद्योग शिकवावा का, आणि शिकवायचा तर कशासाठी, या प्रश्नाचा इतिहास पाहायचा आहे. 🧵

२/ सुरुवात मात्र गडापासूनच करू. शिवकाळात गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे प्रमुख अधिकारी असत. हजेरी आणि जमाखर्चाचे लेखन सबनिसाकडे, तर धान्य व इतर सामानाच्या कोठाराचा हिशेब कारखानिसाकडे. वेढा पडला तर गड किती दिवस तग धरेल, हे या वह्यांवरून कळत असे.

३/ अष्टप्रधानांतील सचिव ऊर्फ सुरनीस यांचे कामही असेच: राजपत्रे तपासणे आणि महाल-परगण्यांचे हिशेब पाहणे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण सचिव झाले. त्यांच्या घराण्याचे भोर संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले. राजगड आणि तोरण्याचा हा मुलूख त्याच पंतसचिवांच्या अमलाखाली होता.

४/ ही लेखणी चालवायला लोक शिकत कुठे? पंतोजींच्या शाळेत. धूळपाटीवर अक्षरे, मग मोडी वाचन-लेखन आणि पाढे. पाढेही साधे नव्हेत. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असत. व्याज, माप आणि वजन यांचा हिशेब कागदाविना करण्याची ही तयारी होती. थोडक्यात, व्यवहारशिक्षण आपल्याकडे इंग्रजांनी आणले नाही.

५/ त्याला एक मोठी मर्यादा होती. हे शिक्षण प्रामुख्याने लेखन आणि व्यापार हाच ज्यांचा पिढीजात व्यवसाय, त्या घरांतील मुलांना मिळे. नांगर धरणाऱ्याच्या मुलाला आणि जवळपास सर्वच मुलींना ते दुर्लभ होते. गावचे दप्तर कुलकर्ण्याकडे, कर्जाची वही सावकाराकडे. ज्याच्या नावावर आकडा चढे, त्याला तो वाचता येत नसे.

६/ या अज्ञानाची किंमत १८७५ मध्ये उघड झाली. १२ मे रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे, ऐन बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर हल्ला केला. त्यांच्या रागाचे मुख्य लक्ष्य होते कर्जरोखे आणि हिशेबाच्या वह्या. कागद हाती लागले की त्यांची होळी होई. हा उठाव पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला. इतिहासात तो दख्खनचा उठाव म्हणून ओळखला जातो.

७/ सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. शेतकऱ्याचा कर्जरोखा ग्रामनिबंधकासमोर व्हावा आणि भरलेल्या पैशाची पावती मिळावी, अशा तरतुदी त्यात होत्या. कायद्याने शेतकऱ्यासाठी कागद वाचणारा माणूस नेमला. शेतकऱ्याला स्वतः तो कागद वाचता यावा, याची सोय मात्र कायदा करू शकत नव्हता. ते काम शाळेचे होते.

८/ हेच तीन वर्षांनी एका माणसाने सरकारला लेखी सांगितले. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीराव फुले यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन दिले. त्याखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि नगरपालिकेचे सदस्य अशी दिली आहे. फुल्यांना आपण समाजसुधारक म्हणून ओळखतो. पण ते ठेकेदारीही करत आणि शाळेने काय शिकवावे हे ते व्यवहार केलेल्या माणसाच्या नजरेतून सांगत होते.

९/ त्यांची मागणी काय होती? बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे. अभ्यासक्रमात मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, इतिहास-भूगोल व व्याकरणाची तोंडओळख आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान असावे. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, नांगराचा रुमणा किंवा सुताराचा वाकस हाती धरायला न लाजणारे असावेत. सुप्यात जळालेल्या वह्या आणि शाळेतला हिशेब यांचा संबंध येथे स्पष्ट दिसतो.

१०/ हंटर आयोगाने माध्यमिक शाळांसाठी स्वतंत्र शिफारस केली. वरच्या वर्गांत दोन प्रवाह असावेत: एक विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेकडे नेणारा, दुसरा व्यापार आणि व्यवसायाकडे नेणारा. माध्यमिक शाळेत व्यापारशिक्षण असावे, ही कल्पना भारतात अधिकृतपणे मांडली गेली ती अशी, १८८० च्या दशकाच्या आरंभी.

११/ दुसऱ्या प्रवाहाकडे फारच थोडे विद्यार्थी वळले. कारण समजण्यासारखे आहे. मॅट्रिक झाले की कचेरीची नोकरी, महाविद्यालय आणि वकिलीची वाट खुली होत होती. व्यवसायाचा प्रवाह निवडला की ती वाट बंद. पालकांनी आपल्या परीने हिशेब मांडला आणि तो चुकीचा नव्हता. व्यवस्थेनेच एका दाराला मान दिला आणि दुसऱ्याला नाही.

१२/ १९१३ मध्ये मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय निघाले. वाणिज्य शिकवणारे ते आशियातील पहिले महाविद्यालय मानले जाते. व्यापारशिक्षणाला प्रतिष्ठा मिळाली. पण ती शहरात, इंग्रजीतून आणि शालेय शिक्षण पूर्ण झाल्यानंतर. मावळातल्या मुलापर्यंत ती पोहोचायला बरीच दशके जावी लागली.

१३/ वेगळी वाट शोधली ती एका फिरत्या विक्रेत्याने. भाऊराव पाटील यांनी तरुणपणी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव फिरून विकले. १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. तिच्या वसतिगृहांतील मुले शेतात राबून आपल्या शिक्षणाचा भार उचलत. पुढे ‘कमवा आणि शिका’ म्हणून ही पद्धत महाराष्ट्रभर गाजली.

१४/ २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. हस्तोद्योगातून सर्व विषय शिकवावेत आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या उत्पन्नातून शाळेचा खर्च, निदान शिक्षकाचा पगार, निघावा, असा विचार पुढे आला. झाकिर हुसेन समितीने त्याचा आराखडा तयार केला. हीच ‘नई तालीम’.

१५/ यावर गंभीर आक्षेप आले. शाळेचा खर्च मुलांच्या श्रमावर अवलंबून ठेवला तर शाळा कारखाना होईल आणि गुरुजी मुकादम. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा होता: हे शिक्षण खेड्यातल्या मुलांसाठीच का? ज्यांना अक्षरापासून पिढ्यान्पिढ्या दूर ठेवले, त्यांच्या हाती आता पुस्तकाऐवजी टकळी द्यायची का? हा प्रश्न आजही कौशल्यशिक्षणाच्या प्रत्येक योजनेला विचारावा लागतो.

१६/ स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोगाने (१९५२-५३) बहुउद्देशीय शाळा सुचवल्या. त्यांतील सात गटांपैकी एक वाणिज्याचा होता. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सर्वांसाठी असावा, असे सांगितले. आपल्यापैकी अनेकांच्या शाळेत या कार्यानुभवाचे रूपांतर कागदी फुले आणि खडूंच्या एका तासिकेत झाले. त्या फुलांची किंमत किती, ती घेणार कोण, हे कोणी विचारले नाही.

१७/ कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव होते जे. पी. नाईक. त्यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेच्या छत्राखाली १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातच, शिरूर तालुक्यातील पाबळला, एक प्रयोग सुरू झाला: विज्ञान आश्रम. तो उभारणारे डॉ. श्रीनाथ कलबाग हे हिंदुस्थान लिव्हरमधील शास्त्रज्ञ. मुंबईतील नोकरी सोडून ते अवर्षणग्रस्त पाबळला येऊन राहिले.

१८/ आठवी ते दहावीच्या मुलांसाठी ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय तेथे घडला. अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य असे त्याचे चार भाग. आठवड्यातला एक दिवस हाताने काम करण्याचा. १९८७ मध्ये माध्यमिक शिक्षण मंडळाने या विषयाला मान्यता दिली. तो दहावीच्या गुणपत्रिकेत आला. हंटर आयोगाच्या दुसऱ्या प्रवाहाची उणीव येथे भरून निघाली: मुख्य वाट न सोडता व्यवसाय शिकता येऊ लागला.

१९/ आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. येथे मुले गावासाठी खरी कामे करतात: वेल्डिंग, वायरिंग, रोपे, माती-पाण्याची तपासणी. कामाचा खर्च काढणे, म्हणजे ‘कॉस्टिंग’, हा शिक्षणाचाच भाग. वस्तू बिघडली तर गिऱ्हाईक परत येते. हा धडा पुस्तकात मिळत नाही आणि परीक्षेच्या पेपरात तपासताही येत नाही.

२०/ आता पुन्हा विंझरला येऊ. वेल्हे-भोर हा भाताचा मुलूख. समजा, नववीच्या वर्गाने एक हिशेब मांडला. १०० किलो भात २५ रुपये दराने विकला तर २५०० रुपये. गिरणीतून काढला तर साधारण ६५ किलो तांदूळ. ६० रुपये दराने ३९०० रुपये. भरडाई, पिशव्या आणि वाहतुकीचे ४०० रुपये वजा केले तर ३५०० रुपये. (दर केवळ उदाहरणासाठी.)

२१/ वरचे १००० रुपये नफा म्हणायचे का? मग पुढचे प्रश्न येतात. आईने तांदूळ निवडला, त्या श्रमाची मजुरी धरली का? २० किलो पडून राहिला तर? उधारी कोण वसूल करणार? कोंड्याचे पैसे कुठे लिहिले? गणित, विज्ञान, अर्थशास्त्र आणि घरातले न मोजलेले श्रम एकाच पानावर येतात. फुल्यांनी मागितलेला हिशेब हाच असावा, असे मला वाटते.

२२/ आज अकरावी-बारावीच्या वाणिज्य शाखेत ‘पुस्तपालन आणि लेखाकर्म’ आहे, ‘चिटणिसाची कार्यपद्धती’ आहे. ही नावे थेट गडाच्या दप्तरापर्यंत जातात. विषय उपयुक्तच आहेत. पण सबनीस आणि चिटणीस हे दुसऱ्याच्या कारभाराची वही लिहीत. शाळेने विद्यार्थ्याला ती वही लिहायला शिकवले; स्वतःची वही उघडण्याचे धैर्य शिकवणे अजून बरेच बाकी आहे.

२३/ २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यवसायांची ओळख आणि दहा ‘दप्तराविना दिवस’ सुचवले आहेत. इतिहासावरून तीन कसोट्या लावता येतील. हा विषय शहरातल्या मुलांनाही आहे की फक्त खेड्यातल्या? तो घेतल्याने पुढची एखादी वाट बंद होते का? आणि वर्षाअखेरीस मुलाच्या हाती खऱ्या व्यवहाराचा हिशेब असतो की कागदी फूल?

२४/ शेवटी एक विनंती. घरात आजोबा-पणजोबांची जुनी वही, पावती किंवा कर्जरोखा असेल तर तो फेकू नका. मोडीत असेल तर वाचणाऱ्याला दाखवा. १८७५ मध्ये असे कितीतरी कागद आगीत गेले. जे उरले, त्यांत आपल्या खोऱ्यांचा आर्थिक इतिहास आहे. आणि तुमच्या शाळेत व्यवहार म्हणून नेमके काय शिकवले, तेही खाली जरूर लिहा. (समाप्त)