पाडव्याचे पोशाख आणि जुने कापड

१९९९ साली डोंबिवलीच्या श्री गणेश मंदिर संस्थानाने गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू केली, आणि पुढे ठाणे, गिरगाव करीत ती प्रथा दूरवर पसरली. या यात्रेसाठी मावळे, जिजाऊ, पेशवाईतील स्त्रिया यांचे पोशाख शिवण्याचे काम आपल्या मंडळातील आम्ही पाचसहा जणी हौसेने करीत आलो. ते करता करता जुन्या वस्त्रांचा माग काढण्याचा मला छंदच जडला.

कापडाचा आणि आपल्या भागाचा संबंध फार जुना. सहाव्या शतकातील कॉसमस या ग्रीक प्रवाशाने, कल्याण बंदरातून परदेशी जाणाऱ्या मालात कापडाचा उल्लेख केला आहे. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण घेतले. त्या दिवशीच्या बाजारपेठेत कोणते रंग दिसत असतील? निळीचा निळा, मंजिष्ठेचा तांबडा, कुसुंब्याचा गुलाबी, हळदीचा पिवळा. आपण मावळ्यांच्या शेल्याला हटकून वापरतो तो झगझगीत राणी रंग मात्र नव्हे. डांबरापासून रंग काढण्याची युक्ती पर्किन या इंग्रज मुलाला १८५६ मध्ये सापडली, तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. आणि जिच्यावाचून आपले एकही पात्र रस्त्यावर उतरत नाही ती सेफ्टी पिन १८४९ ची! जिजाऊंचे लुगडे पिनेवाचूनच अंगावर राहत होते, हे आपल्या मुलींना मी मुद्दाम सांगते.

आपल्या मनातील जुना पेहराव बहुधा राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांतून, बालगंधर्वांच्या शालूंतून आणि चित्रपटांतून आलेला असतो. त्यात सौंदर्य आहे, पण इतिहास थोडा. प्रत्यक्ष महाराजांच्या बाबतीतही भलत्याच एका सरदाराचे चित्र बरीच वर्षे त्यांचे म्हणून छापले जात होते. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी डचांकडील अस्सल चित्र पुढे आणले, तेव्हा कोठे खरा जामा व पागोटे लोकांना दिसले. जाम्याला बटणे नसतात, बंद असतात. मोगल दरबारात ते हिंदूंनी डावीकडे आणि मुसलमानांनी उजवीकडे बांधावयाचे, असा संकेत होता. आपण मात्र शिंप्याच्या सोयीने कोठेही लावतो.

गेल्या खेपेस आम्ही मंजिष्ठेने कापड रंगविले. सुती कापड आधी हिरड्याच्या पाण्यात, मग तुरटीच्या पाण्यात, आणि शेवटी मंजिष्ठेच्या मंद आचेवरील काढ्यात. पाणी खळखळू दिले की तांबड्याचा विटकरी होतो, म्हणून चुलीपाशी एकीला बसूनच राहावे लागते. चार वार कापडाला दिवस गेला. घरच्यांनी हसून घेतले. परंतु तो रंग पाहिल्यावर बाजारातले तांबडे डोळ्यांना टोचू लागते, हे खरे.

खरा वाद झाला तो एका लुगड्यावरून. मंडळातील एका भगिनीने आपल्या कैलासवासी सासूबाईंचे नऊवारी इरकली लुगडे आणले. तिच्या मुलीला फेटा बांधून मोटारसायकलवरून यात्रेत जावयाचे होते, तेव्हा ते कापून शिवलेली नऊवारी करावी असा बेत होता. शिवलेल्या नऊवारीला मी नाक मुरडीत नाही. नोकरीवर धावणाऱ्या मुलीला ती सोयीची आहे. पण इरकलीचा पदर वेगळ्या ताण्याचा असतो. अंगाच्या ताण्याशी एकेका धाग्याची अडी घालून विणकर तो मागावर जोडतात. कात्री तेथे लागली की तो सांधा गेला. शिवाय सासूबाई काठ कसा धरीत, कासोटा कोठे खोवीत, याच्या मळकट खुणा अजून त्यावर होत्या. मी हट्टच धरला. दोघीजणी माझ्यावर रागावल्याही. अखेर कापण्यासाठी नवे कापड आणावयाचे ठरले. मुलगी म्हणाली, “मावशी, नवे नको, मला हेच नेसायला शिकवा.” पहिल्या दिवशी पाऊण तास लागला. पाडव्याला ती ते नेसूनच मोटारसायकलवर बसली. दोन पिना मात्र लावल्याच, आणि मी त्या पाहून न पाहिल्यासारखे केले.

कोणाच्या ट्रंकेत जुने लुगडे, गाठीची चोळी वा अंगरखा असेल तर कापण्यापूर्वी एकदा मंडळात आणावा. लांबी, काठाची रुंदी आणि नेसण्याची तऱ्हा वहीत लिहून घेते. आतापर्यंत अकरा वस्त्रे नोंदली आहेत.