वीज कोणासाठी? बाबासाहेबांचा १९४३चा प्रश्न आणि आजचे खासगीकरण

भारताच्या औद्योगिक विकासाचा इतिहास शिकवताना नेहरूंची धरणे, टाटांचे कारखाने आणि पंचवार्षिक योजना यांचा उल्लेख हमखास होतो. बाबासाहेबांचे नाव मात्र संविधानाच्या धड्यात येते आणि तिथेच संपते. विजेच्या धड्यात ते सापडत नाही. ही केवळ नजरचूक आहे असे आम्हाला वाटत नाही. आमच्या माणसाला 'दलितांचे नेते' एवढ्याच चौकटीत बसवायचे, म्हणजे राष्ट्रबांधणीचे श्रेय वाटताना त्याचा विचार करावा लागत नाही!

वस्तुस्थिती काय आहे? जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते. सार्वजनिक बांधकाम, पाटबंधारे आणि वीज हे विषयही त्याच खात्याकडे होते. महायुद्ध संपायच्या आतच युद्धोत्तर पुनर्रचनेची तयारी सुरू झाली. त्यासाठी नेमलेल्या सार्वजनिक बांधकाम व विद्युतशक्ती धोरण समितीचे अध्यक्ष बाबासाहेब होते. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी समितीपुढे भाषण करताना त्यांनी थेट मुळावर बोट ठेवले. विजेची मालकी सरकारची असावी की खासगी? खासगी असेल तर जनतेच्या हितासाठी कोणत्या अटी घालाव्यात? विजेची जबाबदारी केंद्राची की प्रांतांची? आणि वीज स्वस्त व मुबलक मिळावी, तिची नासाडी होऊ नये, यासाठी कारभार कसा असावा?

ते एवढ्यावरच थांबले नाहीत. केंद्रात वीजपुरवठ्याचे स्वतंत्र खाते असावे, कोळसा, वाहते पाणी यांसारख्या शक्तीच्या साधनांची पाहणी व्हावी, वीज संशोधनाची स्वतंत्र संस्था निघावी आणि भारतीय माणसांना या तंत्राचे शिक्षण देण्याची सोय व्हावी, हे मुद्देही त्यांनी समितीसमोर ठेवले. म्हणजे वीज, तिचे संशोधन आणि ते करणारी माणसे यांचा विचार त्यांनी एकत्र केला होता.

विजेचा एवढा आग्रह कशासाठी? याचे उत्तर १९१८ सालच्या त्यांच्या लहान शेतजमिनींवरील निबंधात आहे. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसे अवलंबून आहेत, म्हणून शेतीच्या दुखण्यावर खरा इलाज औद्योगिकीकरण हाच आहे, अशी त्यांची मांडणी होती. पंचवीस वर्षांनी ते त्याच मुद्द्याच्या पुढच्या टप्प्यावर आले. स्वस्त विजेशिवाय उद्योग उभे राहणार नाहीत आणि उद्योगांशिवाय दारिद्र्याचा फेरा सुटणार नाही. ज्याच्या नावावर जमिनीचा तुकडा नाही, ज्याला गावकुसाबाहेर ठेवले आहे, त्याच्यासाठी गावाचे गोडवे गाण्यात काय अर्थ? त्याला गाव सोडता येईल अशी रोजी हवी होती.

पण यंत्र आले की जात आपोआप जाते, असा भाबडा समज बाबासाहेबांचा कधीच नव्हता. मुंबईच्या गिरण्या त्यांनी जवळून पाहिल्या होत्या. १९१५ पासून खोपोलीची वीज मुंबईला मिळू लागली. गिरण्या विजेवर चालू लागल्या, पण विणकाम खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. धोट्यात नवी कांडी भरताना धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्यामुळे विटाळ होतो, असे सवर्ण कामगार म्हणत. जास्त मजुरीचे काम अशा रीतीने आमच्या हातून काढून घेतले गेले. १९२८च्या गिरणी संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. यंत्र विजेवर चालत होते, पण त्यावर कोणी बसायचे हे जात ठरवत होती!

म्हणूनच ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयना दिलेल्या निवेदनात त्यांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी विज्ञान व तंत्रज्ञानाच्या शिष्यवृत्त्या, परदेशी शिक्षणाची सोय आणि सरकारी छापखाने व रेल्वेच्या कारखान्यांत शिकाऊ उमेदवारीच्या जागा मागितल्या. १९४३ मध्ये केंद्र सरकारच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना आरक्षण मिळाले. वीज आणि आरक्षण ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत. एकाने कारखाना उभा राहतो, तर दुसऱ्याने त्याचे दार आमच्यासाठी उघडते.

पुढे काय झाले? १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ आणि १९४५ मध्ये केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. १९४८च्या वीजपुरवठा कायद्याने राज्य विद्युत मंडळांची वाट खुली केली. स्वातंत्र्याच्या वेळी देशाची वीजनिर्मिती क्षमता जेमतेम १,३६२ मेगावॅट होती आणि वीज पोहोचलेली गावे सुमारे १,५००. वीजनिर्मितीची अवजड यंत्रे परदेशातून आणावी लागत. ती देशात बनवण्यासाठी ब्रिटिश कंपनीच्या सहकार्याने भोपाळची हेवी इलेक्ट्रिकल्स ही सरकारी कंपनी १९५६ मध्ये स्थापन झाली, त्याच वर्षी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. वीज संशोधनाची केंद्रीय संस्था बंगळुरूला उभी राहायला १९६० साल उजाडले. १९४३ मध्ये मांडलेल्या मुद्द्याला सतरा वर्षे लागली! हे सगळे बाबासाहेबांनी एकट्याने केले असा आमचा दावा नाही. अनेक अभियंते आणि अधिकारी यात होते. पण पाया घालणाऱ्यांच्या यादीतून त्यांचे नाव गाळणे हा इतिहासाशी केलेला अप्रामाणिकपणा आहे.

आता आजच्याकडे बघू या. २००३च्या कायद्याने १९४८चा कायदा रद्द झाला. २००५ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन कंपन्या झाल्या. जानेवारी २०२३ मध्ये खासगी कंपनीला समांतर परवाना देण्याच्या हालचालींविरुद्ध वीज कर्मचाऱ्यांना संप पुकारावा लागला. कायम जागा रिकाम्या ठेवायच्या आणि खांबावर कंत्राटी कामगार चढवायचा, ही रीत रुळली आहे. कंत्राटदाराने नेमलेल्या माणसाला ना आरक्षण, ना नोकरीची हमी.

'सरकारी कारभार तोट्यात असतो' असे आम्हाला ऐकवले जाते. कारभार सुधारायलाच हवा. स्वस्त, मुबलक आणि नासाडी नसलेली वीज ही बाबासाहेबांचीच अट होती. पण कारभार वाईट आहे म्हणून मालकीच देऊन टाकायची, हा कुठला न्याय? मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, हे त्यांनी १९४७च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये स्पष्ट मांडले आहे. खासगी कंपनीत आरक्षण नाही, हे समजायला फार अभ्यास लागत नाही.

तेव्हा १४ एप्रिलला विजेची रोषणाई जरूर करू या. पण त्याच आठवड्यात आपल्या भागातील वीज कार्यालयात माहिती अधिकाराचा एक अर्जही टाकू या: मंजूर पदे किती, भरलेली किती, राखीव जागांचा अनुशेष किती, कंत्राटी कामगार किती? बाबासाहेबांनी वीज कोणासाठी हे विचारले होते. ती कोणाच्या हातात चालली आहे, हे विचारणे आता आपले काम आहे.

जय भीम!