हरसूल, सिकलसेल आणि एक इन्फायनाइट लूप

मंडळी, हरसूल म्हणजे नाशिक जिल्ह्यातलं, त्र्यंबकेश्वर तालुक्यातलं, गुजरातच्या हद्दीजवळचं गाव. आसपास कोकणा, वारली, महादेव कोळी वस्ती. या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे पेशंट सापडतात. हिमोग्लोबिन बिघडतं आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, एवढं आपल्याला माहीत असतं. पण पुढची भानगड पेशीच्या आवरणात आहे.

1958 साल घ्या. शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवर 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. त्याच साली हंगेरीत गार्डोश यांनी दाखवलं, की तांबड्या पेशीत कॅल्शियम शिरलं की पोटॅशियम बाहेर पळतं. दोन्हीचा संबंध तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

मग कॅल्शियम आत शिरतं कुठून? 1984 मध्ये गुहारे आणि सॅक्स यांनी कोंबडीच्या स्नायूपेशींवर बघितलं, की आवरण नुसतं ताणलं तरी त्यातली काही आयन चॅनेल्स उघडतात. पण त्यामागचा जीन? तो प्राण्यांमध्ये सापडायला 2010 उजाडलं. अमेरिकेत कोस्ट आणि पटापुटियन यांनी संशयित जीन एकेक करून बंद केले आणि दर वेळी पेशीला बारीक काचेने ढोसून पाहिलं. (थोडक्यात काय, एकेक लाइन कमेंट करून बग शोधणं!) बाहत्तराव्या जीनला पेशी गप्प बसली. तो पिएझो1. पटापुटियन यांना 2021 चं नोबेल मिळालं, ज्युलियस यांच्यासोबत.

आता लूप बघा. ऑक्सिजन सुटला की सिकलच्या हिमोग्लोबिनचे दांडे बनतात, आवरण आतून ताणलं जातं, चॅनेल उघडतं (ते पिएझो1च असावं असा दाट संशय आहे), कॅल्शियम आत, गार्डोशचं चॅनेल उघडतं, पोटॅशियम बाहेर आणि त्यामागोमाग पाणीही. पेशी सुकते, हिमोग्लोबिन दाटतं, दांडे आणखी लवकर बनतात. परत पहिल्यापासून. बाहेर पडायची कंडिशनच नाही!

गार्डोश चॅनेल बंद करणारं औषध निघालंही होतं, सेनिकापॉक. हिमोग्लोबिन वाढलं, पण वेदनेचे झटके काही कमी झाले नाहीत. 2011 मध्ये तसे निकाल छापून आले. असो.

म्हणूनच सिकलसेलच्या पेशंटला डॉक्टर आवर्जून सांगतात, भरपूर पाणी पीत जा. मुंबई-पुण्यात हा सल्ला फुकटचा वाटतो. पण त्र्यंबक तालुक्यात पावसाळ्यात धो धो कोसळतं आणि एप्रिल-मे महिन्यांत कित्येक पाड्यांवर बायका हंडाभर पाण्यासाठी विहिरीत उतरतात.