शब्दाची पत

इतिहासात घटनांइतकेच आख्यायिकांनाही स्थान असते. काय घडले हे आख्यायिका सांगत नसली, तरी काय घडावे असे लोकांना वाटत होते, ते ती सांगते. अमेरिकेतील सीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेचे वृत्तनिवेदक वॉल्टर क्रॉन्काइट यांच्याविषयी अशीच एक आख्यायिका आहे.

१९६८ च्या आरंभी, टेट सणाच्या सुमारास, कम्युनिस्ट सैन्याने दक्षिण व्हिएतनाममधील अनेक शहरांवर एकदम हल्ले चढविले. क्रॉन्काइट स्वतः तेथे जाऊन आले. २७ फेब्रुवारीच्या वृत्तांताअखेर, हे आपले वैयक्तिक मत होय असे बजावून, ते म्हणाले की, युद्ध कोंडीत सापडले असून वाटाघाटी हाच त्यातून निघण्याचा मार्ग आहे. ते ऐकून अध्यक्ष जॉन्सन ‘क्रॉन्काइट गेले म्हणजे देश गेला’ अशा अर्थाचे उद्गारले, असे सांगतात. ३१ मार्चला जॉन्सन यांनी पुन्हा निवडणूक न लढविण्याचे जाहीर केले आणि गोष्टीला साजेसा शेवटही मिळाला.

गोष्ट सुरेख आहे. परंतु पुराव्यापुढे ती टिकत नाही. त्या रात्री जॉन्सन ऑस्टिन येथे गव्हर्नर कॉनली यांच्या वाढदिवसाच्या समारंभात होते. शिवाय १९६७ च्या ऑक्टोबरातच, गॅलपच्या पाहणीत, युद्धात पडणे ही चूक झाली असे म्हणणारांचे पारडे जड झाले होते. तात्पर्य, क्रॉन्काइट यांनी लोकमत फिरविले नाही. फिरू लागलेल्या लोकमताला त्यांनी वाचा दिली.

मग त्यांची थोरवी कशात? दुसऱ्या महायुद्धात ते युनायटेड प्रेस या वृत्तसंस्थेचे बातमीदार होते. तेथील शिस्त त्यांच्या अंगी मुरली होती. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी केनेडींच्या निधनाची वार्ता डल्लासहून येऊ लागली, तेव्हा ती अद्याप अधिकृत नाही हे ते प्रेक्षकांना पुनःपुन्हा बजावीत राहिले. खात्रीची तार हाती आल्यावरच त्यांनी ती वाचली, चष्मा काढला आणि क्षणभर त्यांचा कंठ दाटून आला. जो माणूस थांबणे जाणतो, त्याच्या बोलण्याला पत येते.

मात्र सारे श्रेय स्वभावाला देणे हा इतिहासावर अन्याय होईल. त्या काळी तीनच मोठ्या संस्था होत्या. संध्याकाळच्या ठराविक वेळी निम्मा देश त्यांच्यापुढे बसे, आणि वादग्रस्त प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडाव्यात असे सरकारी बंधन १९४९ पासून होते. या व्यवस्थेची उणीवही उघड आहे : बातमी कोणती, हे न्यूयॉर्कमधील मूठभर माणसे ठरवीत.

१९८० मध्ये सीएनएन ही चोवीस तास बातम्या देणारी वाहिनी निघाली. ६ मार्च १९८१ रोजी क्रॉन्काइट निवृत्त झाले. १९८७ मध्ये ते बंधनही उठले. घटना संपतात, घड्याळ थांबत नाही. रिकामे तास भरावयाचे तर दूरदेशी बातमीदार धाडण्यापेक्षा चार माणसे वादाला बसविणे स्वस्त पडते.

आपल्याकडे २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाले. प्रदीप भिडे यांचा स्वच्छ, संयत आवाज मराठी घरांत घरचाच झाला. परंतु आपल्याकडे वाहिनी सरकारची होती. क्रॉन्काइट मात्र आपल्या वृत्तपत्रिकेचे कार्यकारी संपादकही होते. आवाजावरील विश्वास आणि बातमीवरील विश्वास या दोन गोष्टी आहेत, हे आपण पुष्कळदा विसरतो.

‘हे असे आहे’ अशा अर्थाच्या वाक्याने क्रॉन्काइट रोज निरोप घेत. मात्र ज्या दिवशी अखेरीस स्वतःचे मत मांडले असेल, त्या दिवशी ते वाक्य ते गाळीत. मत आणि वस्तुस्थिती यांमधली ती न उच्चारलेली रेघ, हाच त्यांचा खरा वारसा होय. आज वाहिन्या शेकडो आहेत. ती रेघ ओढणारा हात मात्र विरळा झाला आहे.